कडता

माझं भुसार मालाचं दुकान आहे, राजुरात. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. दुकानात मका येतो, सोयाबीन येतं, तूर येते आणि गेली काही वर्षं माणसंही येतात. काट्यावरून पोतं उतरलं की माणूस चढतो. पोतं जास्त भरावं म्हणून ज्यानं आत्ताच गणपतीला हात जोडले, तोच स्वतः चढताना कमी भरावं म्हणून पुन्हा जोडतो. देव तोच, काटा तोच, माणूसही तोच.

माणसांची तोलाई मी घेत नाही. वाद होतो तो कडत्यावरून. ज्यांनी कधी आडत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पोत्यामागं बारदानाचं, मातीचं, ओलीचं म्हणून जे वजन कापून धरतात, तो कडता. या कडत्यापायी आमच्या तीन पिढ्यांनी शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. पण तोच शेतकरी स्वतः काट्यावर उभा राहिला की लाजत म्हणतो, "शेठ, थोडा कडता धरा की." चपलेचा धरा, उपरण्याचा धरा, खिशातल्या किल्ल्यांचा धरा. एकानं तर सकाळी पोट साफ झालं नाही म्हणून अर्धा किलो मागितला होता. मी दिला. वहीत कारण लिहिलं नाही.

कडता मागण्यात आमच्या मास्तरांचा हात कोणी धरणार नाही. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, विषय मराठी. काट्यावर चढण्याआधी ते पायताण काढतात, पाकीट काढतात, मोबाइल काढतात, घड्याळ काढतात, मग चष्म्याला हात घालतात. आमचा हमाल एकदा म्हणाला, "मास्तर, चष्मा तरी राहू द्या, नाहीतर आकडा कसा दिसंल?" मास्तर म्हणाले, "आकडा शेठ बघतील. मला फक्त कमी झाला का ते सांगा."

ही गर्दी सुरू झाली 2018 च्या आसपास. तेव्हा महाराष्ट्रात वारकरी आणि रामदासी राहिले बाजूला, दोन नवे पंथ उभे राहिले होते. एक दीक्षितांचा, एक दिवेकरांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, ज्यांच्या पदव्या मोजतानाच माणसाला भूक लागावी, ते जिचकार. म्हणणं सरळ होतं. खाल्लं की इन्सुलिन सुटतं, जितक्या वेळा तोंड हलेल तितक्या वेळा सुटतं. म्हणून कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोन वेळा शोधा, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरका आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. अधेमधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. फुकटचा सल्ला म्हणून लोकांना आधी विश्वास बसेना आणि फुकटचा म्हणूनच नंतर बसला. पुढं राज्य सरकारनं त्यांना स्थूलपणाविरुद्धच्या मोहिमेचे दूत म्हणूनही नेमलं.

दुसरीकडं ऋजुता दिवेकर. 2008 च्या 'टशन' सिनेमात करीना कपूर बारीक दिसली, ती यांच्या सल्ल्यानं, ही बातमी राजुरापर्यंत सिनेमाच्या आधी पोचली होती. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं. उठल्या उठल्या चहाआधी केळं किंवा भिजवलेले बदाम खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खात राहा, भाताला घाबरू नका, तुपाला तर मुळीच नाही. आजीच्या स्वयंपाकघरात जे होतं ते खा, पाकिटातलं नको.

म्हणजे एकाचं म्हणणं तोंड बंद ठेवा, दुसरीचं म्हणणं बंद पडू देऊ नका. आणि दोघांचेही लोक पहिल्या तीन महिन्यांत माझ्या काट्यावर हलके होत गेले.

वहीत मी खुणा ठेवल्या होत्या. दीक्षितवाल्यांपुढं 'दी' आणि दिवेकरवाल्यांपुढं 'दि'. माझं शुद्धलेखन कच्चं. मास्तरांच्याच वर्गात मी दोनदा नापास झालोय. सहा महिन्यांनी वही उघडली तर कोण ऱ्हस्व आणि कोण दीर्घ तेच कळेना. म्हटलं, वजनावरून ओळखू. वजनावरूनही कळेना.

मास्तर दीर्घ आणि मास्तरीणबाई ऱ्हस्व. एका घरात, एका गॅसवर. सकाळी साडेसहाला बाईंचं केळं. साडेआठला धपाटं आणि दही. साडेदहाला मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. अकराला मास्तरांचं पहिलं जेवण. साडेबाराला बाईंची भाकरी-भाजी. असं करत करत रात्री नऊला भांडी घासायला येणारी मावशी म्हणायची, "बाई, आपल्याकडं लग्न हाय का कुनाचं?" दोघंही नियमाला पक्के होते. फक्त बाईंच्या 'थोडं'ची व्याख्या हळूहळू रुंद होत गेली आणि मास्तरांचं 'दोनदा' हळूहळू उंच होत गेलं. पंचावन्न मिनिटं म्हणजे काय थोडा वेळ आहे? एवढ्या वेळात शाळेतला आख्खा तास होऊन वर घंटा वाजते. मास्तरांना आयुष्यभर तास पूर्ण भरायची सवय.

त्या पंचावन्न मिनिटांचं खरं माहात्म्य मी एका लग्नात पाहिलं. मंडप गावाबाहेर, मुहूर्त साडेबाराचा, पंगत एकची. मास्तर माझ्या शेजारी. पत्रावळीवर मीठ, लोणचं आणि काकडीची कोशिंबीर आली. मास्तरांनी बेसावधपणे काकडीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि दचकले. तोंड हललं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं: एक वाजून चार मिनिटं. म्हणजे एक एकोणसाठला दुकान बंद. तेवढ्यात स्पीकरवरून पुकारा झाला की साहेबांचं आगमन झालंय, वाढपी मंडळींनी क्षणभर थांबावं. मग सुरू झाले सत्कार. शाल, नारळ, फेटा. साहेबांचा, साहेबांबरोबर आलेल्यांचा, आलेल्यांना घेऊन आलेल्यांचा. फेटा बांधणारा एकच होता. मास्तर काकडीकडं पाहत होते आणि काकडी मास्तरांकडं. एक पंचवीस. एक पस्तीस. मी म्हटलं, "मास्तर, घड्याळ पुन्हा लावा ना, कोण बघतंय?" मास्तर म्हणाले, "इन्सुलिन बघतंय."

एक सेहेचाळीसला वाढप सुरू झालं. राहिली तेरा मिनिटं. पुढं जे झालं ते मी अनेक पंगती पाहूनही विसरलो नाही. दीक्षितांच्या शिस्तीप्रमाणं आधी गोड, म्हणून बुंदीवाल्याला मास्तरांनी हात धरून बसवलाच. मग पुरी, मग वांगं, मग वरण-भात, मग पुन्हा भात, मग मठ्ठा. वाढपी पोरगं बादली घेऊन पुढं सरकायचं विसरलं. एक अठ्ठावन्नला मास्तरांनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले आणि घड्याळाकडं बघून विजयी हसले. दुसऱ्या दिवशी काट्यावर त्यांनी कडता मागितला नाही. गप उतरून गेले.

दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारबा बसतात, वय ऐंशीच्या पुढं. या सगळ्या चर्चा त्यांनी पहिल्यापासून ऐकल्या. दोनदाच जेवायचं हे औषध आहे, असं मास्तरांनी त्यांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बहात्तरात आमी समदेच दीक्षित होतो म्हनायचं." 1972 चा दुष्काळ. मराठवाड्यात ज्यांनी तो पाहिलाय त्यांच्यापुढं भुकेचं तत्त्वज्ञान सांगू नये. दिवसभर खडी फोडायची आणि कामावर सुकडी मिळायची; घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी, जी थापली की चिरायची. "पंचावन्न मिंटं?" म्हातारबा म्हणाले. "पाच मिंटात उरकायचं. नायतर दुसरा उरकायचा." त्यांचं वजन मी एकदा केलं होतं. बावन्न किलो. कडता त्यांनी उलटा मागितला: "धर ना रं दोन किलो जास्तीचं, सुनंला दाखवायचंय."

तिसरा पंथ आमच्याच घरात निघाला. पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरवर आहे. दिवाळीला आला तो कीटो होऊन. भाकरी नाही, भात नाही, गूळ नाही, मोसंबी नाही. जालना जिल्ह्यात येऊन मोसंबी नाही म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्क्याची ॲलर्जी सांगण्यासारखं. अंडी, पनीर, लोणी, बदाम. त्याची आई तीन दिवस रडत होती, कारण तिला वाटलं पोरगं तापातून उठलंय. खरं म्हणजे हा प्रकार निघाला फिट येणाऱ्या पोरांसाठी, 1920 च्या दशकात, अमेरिकेत; बारीक होण्याचं काम त्याला नंतर लावलं. पुतण्या अभिमानानं म्हणाला, "काका, पहिल्या आठ दिवसांत साडेतीन किलो."

हे ऐकून हमाल हसला. त्याला हिशेब लगेच कळला, कारण तो सोयाबीन उचलतो. ओलं सोयाबीन आणलं की आम्ही भाव पाडतो. आठ दिवस उन्हात टाकलं की पोतं हलकं होतं, पण दाणे तेवढेच राहतात. शरीरातही तसंच आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्यातल्या एका ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भाकरी बंद केली की साठा संपतो, पाणी निघून जातं. पुतण्याची चरबी जाग्यावर होती, ओल तेवढी उडाली होती. पुढं चरबीही गेली म्हणा, थोडी. पोरगं नेटाचं आहे. मग पाडव्याला त्याच्या आईनं पुरणपोळी केली आणि ताट पुढं ठेवून नुसती उभी राहिली. काही बोलली नाही. कुठल्याही आहारशास्त्राच्या पुस्तकात या उभं राहण्यावर उपाय दिलेला नाही.

पण या पोराचा एक उपयोग झाला. तो इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगतो. त्याला म्हटलं, माझ्या वहीत जे गोंधळ आहेत ते माझ्या अक्षरामुळं आहेत की जगातच आहेत ते बघ. तो म्हणाला, जगातच आहेत. इकडं आपण दीक्षित-दिवेकर करत होतो त्याच 2018 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास छापून आला; त्यात 609 माणसांचे दोन भाग केले होते. एकांना स्निग्ध कमी, दुसऱ्यांना भात-पोळी-साखर कमी. वर्षानं वजन केलं: एका गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.0. हा फरक हिशेबात धरण्यासारखा नव्हता. पण गटाच्या आत मात्र काहींचं पंचवीस किलोच्या वर गेलेलं आणि काहींचं चक्क वाढलेलं. त्याआधी 2005 मध्ये छापलेल्या अभ्यासात बॉस्टनला 160 जणांवर चार नामांकित आहार वर्षभर लावून पाहिले. कुठला आहार याला फार अर्थ उरला नाही. जो माणूस धरलेलं सोडत नाही त्याचं वजन उतरलं. चारही आहारांतले पुष्कळ जण मधेच पळाले ते वेगळंच. मी म्हटलं, पळणाऱ्यांची वही कुणी ठेवली का? आमच्याकडं आहे.

त्यानं अजून एक सांगितलं ते ऐकून मात्र मास्तर गंभीर झाले. अमेरिकेत टीव्हीवर बारीक होण्याची स्पर्धा असायची. त्यातल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा मोजलं. 13 जणांचं वजन परत आलेलं, चौघं तर आधीपेक्षा जड. आणि त्यांचं शरीर दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही. म्हणजे आपण पोतं हलकं केलं की शरीर आडत्या होतं आणि स्वतःच कडता कापायला बसतं. मास्तर म्हणाले, "याच्याविरुद्ध बाजार समितीत तक्रार करता येत नाही."

आता इंजेक्शनंही आलीत. 2025 पासून आपल्याकडं मिळतात. भूकच लागत नाही म्हणे. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आल्याचं परदेशी चाचणीत दिसलं. म्हातारबांना हे सांगितलं, भूक न लागायचं औषध निघालंय आणि महाग आहे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढची किंमत सांगितलीच नाही.

एक गोष्ट मात्र पुण्याची आहे आणि ती राजुरातल्या प्रत्येकानं ऐकावी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी शेजारी उभं राहून फोटो काढला आणि 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबाची 9.1 टक्के आणि आपल्या माणसाची 21.2. म्हणजे दोन्ही पोती एकाच वजनाची, पण एकात मातेरं दुपटीहून जास्त. हातपाय काडीचे आणि पोट रांजणाचं, हा आपला देशी माल. म्हणून पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या पुढं जाऊ देऊ नये असं डॉक्टर सांगतात. माझ्या शेजारच्या टेलरला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "नव्वद? राजुरात पँटचा दाब सोडून सोडून माझ्याकडं कापड उरंना." त्याच्याकडं माझ्यापेक्षा जुना हिशेब आहे आणि तो कडता देत नाही.

आणि हे सगळं आम्ही करतो कुठं, तर लंबोदराच्या पायथ्याशी. राजुराला गणपतीचं पूर्ण पीठ मानतात, आणि त्यात हे नाभीस्थान. वरेण्य राजाला गणेशगीता इथं सांगितली अशी श्रद्धा आहे. ज्या देवाचं पोट हीच ओळख, त्याच्या नाभीत राहून पोट कमी करायचं म्हणजे समुद्रकाठी राहून कोरडं राहण्याचं व्रत. शिवाय आमच्याकडं दर महिन्याला संकष्टी. चंद्रोदयापर्यंत उपास, मग मोदक. संकष्टी नीट पाळली तर ती दीक्षितांच्याही पुढची आहे, दिवसाला एकच जेवण. पण 'उपास' आणि 'फराळ' या दोन शब्दांची आम्ही कधी गाठ सुटू दिली नाही. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची: यातली एकही वस्तू या देशातली नाही, सगळ्या अमेरिका खंडातून आल्या. साबुदाण्याचा कंद पोर्तुगीजांनी आणला आणि दाणे आज तमिळनाडूत सेलमकडं बनतात. पुराणात यातलं काही निषिद्ध लिहिलेलं नव्हतं, कारण पुराणकारांना ते माहीतच नव्हतं. कायद्यातली ही पळवाट आपण बरोबर शोधली.

अंगारकीला जालन्याहून राजुरापर्यंत हजारो लोक पायी येतात. सुमारे पंचवीस किलोमीटर, रात्रभर. एका अंगारकीला मास्तरांच्या डोक्यात आलं की याहून मोठा प्रयोग कुठला? बाहेरगावचे येतात ते दर्शनाला, आपण राजूरकरांनी मुद्दाम एसटीनं जालन्याला जायचं आणि चालत परत यायचं. मी, मास्तर आणि पुतण्या. दुपारी तिघांनी माझ्या काट्यावर वजन केलं, कडता न धरता. ऐंशी किलोच्या माणसाच्या पंचवीस किलोमीटर चालण्यात ढोबळमानानं तेराशे ते सोळाशे कॅलरी जातात, हे पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. मास्तरांचं मन भरून आलं.

रात्री दहाला निघालो. जालना सुटतं न सुटतं तोच पहिला मंडप. चहा. मास्तर म्हणाले, नको. तिथला स्वयंसेवक पोरगा, मास्तरांचाच विद्यार्थी निघाला, पाया पडला, म्हणाला, "सर, गणपतीच्या वाटंवरचा चहा हाय." चहा झाला. दोन किलोमीटरवर केळी. ती घेतली, कारण बाईंच्या मते केळं चालतं. पुढं साबुदाण्याची खिचडी, द्रोणात, वर लिंबू. खिचडीचा एक द्रोण म्हणजे चारशेच्या आसपास, पुतण्या कुजबुजला. "देवाच्या वाटंवर नाही म्हनू नी," शेजारची एक अनोळखी आजी म्हणाली आणि आपल्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. कीटो त्या जागी संपलं. पुढं भगर आणि शेंगदाण्याची आमटी. पुढं बटाट्याचा चिवडा. पुढं दूध. पहाटे तीनच्या सुमाराला मास्तर अंधारात थांबले आणि हिशेब केला: आपण सात तोंडं हलवली. म्हणजे आज ते दिवेकर. मी म्हटलं, "मास्तर, चंद्रोदय होऊन गेला, आता फराळ कसला, आता रीतसर जेवण." त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण आठवं चालू होतं.

पहाटे टेकडीवर कळसाचे दिवे दिसले तेव्हा पाय दुखत होते पण मन हलकं झालं होतं. दर्शन घेतलं, प्रसादाचा मोदक घेतला आणि थेट दुकान उघडलं. पुतण्या सहाशे ग्रॅम जास्त. मी चारशे. मास्तर काट्यावर चढले, उतरले, पुन्हा चढले. एक किलो शंभर ग्रॅम जास्त. पुतण्या म्हणाला, मीठ आणि पाणी आहे ते, दोन दिवसांत उतरेल. हमाल म्हणाला, "पुण्य बी असंल त्यात थोडं. त्याचा कडता धरा."

माझ्या वहीत दोन-अडीचशे नावं आहेत. उतरलेली पुष्कळ. उतरून पाच वर्षं तिथंच राहिलेलं नाव फक्त एक: आमचे दाजी. बहिणीचे यजमान, विमा एजंट. त्यांची गोष्ट ना दीर्घ ना ऱ्हस्व.

विम्याचं काम म्हणजे दारोदार जाणं आणि दारोदार चहा पिणं. मराठवाड्यात चहा विचारत नाहीत, तो आतून येतोच. 'घेता का' असं ज्यांनी विचारलं त्यांना द्यायचा नसतो असं आपण धरतो. दाजी दिवसाला चौदा-पंधरा कप प्यायचे. कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. पंधरा कपांत दीडशे ग्रॅम, सहाशे कॅलरी, आणि तेही जेवणाआधी. दाजींनी सगळे पंथ करून पाहिले. "माझं डाएट आहे" म्हणाले की घरातली बाई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या वो, तुमी काय लट्ठ हाय का?" आणि कप पुढं. "दोनदाच खातो" म्हणाले की, "मंग हे तिसरं नाय, चहा हाय." एकदा तर एका घरी बिनसाखरेचा मागितला. त्या माउलीला वाटलं पाहुण्याला आपल्या घरची साखर संपलीय असं वाटतंय. तिनं शेजारून वाटी आणली आणि तीन चमचे घातले.

मग एक दिवस वैतागून दाजींच्या तोंडून निघून गेलं, "अवं, मला शुगर निघाली."

घर गप्प झालं. कप आपोआप मागं गेला. बाई हळहळली. म्हातारीनं डोक्यावरून हात फिरवला. आणि घरधन्यानं त्याच बैठकीत एक पॉलिसी घेतली, कारण धडधाकट माणसाला अशी अचानक शुगर निघते म्हणजे आपलं काय?

दाजींना गुरुकिल्ली सापडली. डाएट हा राजुरात श्रीमंतीचा नखरा आहे, उपासाला तारीख लागते, पण शुगर चोवीस तास चालते. त्या एका शब्दानं चहा सुटला, पेढा सुटला, वाढदिवसाचा केक सुटला, पंगतीत दुसऱ्यांदा बुंदी येईना. उलट वाढप्यालाच लोक ओरडायचे, "त्यांना नको, त्यांना नको!" जो गाव माणसाला खाऊ घालून मारतो, तोच गाव पहारा द्यायला लागला. सात महिन्यांत नऊ किलो उतरले आणि पाच वर्षं उतरलेलेच राहिले. दाजींचा रक्ताचा रिपोर्ट माझ्यासारखाच स्वच्छ. फक्त घरी कारल्याचा रस, मेथीदाणे, गुळवेल आणि जांभळाच्या बियांची पावडर यांचा ढीग लागला. लोक प्रेमानं आणून देतात, टाकता येत नाही. बहीण ते म्हशीला घालायची.

आणि मग भाचीचं स्थळ आलं. देऊळगाव राजाकडचं घर, मुलगा शिक्षक, सगळं जुळलं. पत्रिका जमली, फोटो पसंत. शेवटी निरोप आला: मुलीच्या वडिलांना शुगर आहे असं कानावर आलंय, घराण्यात आहे का? बहिणीनं तीन दिवस दाजींशी बोलणं सोडलं. रिपोर्ट दाखवतो म्हणाले तर मध्यस्थ म्हणाला, रिपोर्ट काय, कुठूनबी काढता येतो. पाहुणे येतील तेव्हा समोर बसून खाऊन दाखवा.

पाहुणे आले. मी हजर होतो. दाजींच्या पुढं बशीत चार पेढे, दोन बुंदीचे लाडू आणि कपभर चहा, तोही बहिणीनं मुद्दाम साखर हलवत आणलेला. सगळी बैठक दाजींच्या तोंडाकडं पाहत होती. पाच वर्षांनी पहिला पेढा आत गेला तेव्हा दाजींनी डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. तिसऱ्याला मुलाची आई समाधानानं म्हणाली, "घ्या की अजून, आता आपलंच घर." चौथा तिनं स्वतःच्या हातानं भरवला. लग्न तिथंच ठरलं.

आता सगळ्या राजुराला कळलंय की दाजींना शुगर नाही आणि कधी नव्हती. लोक फार रागावले नाहीत. पाच वर्षांची थकबाकी मात्र वसूल करायला निघालेत. ज्या घरी जातील तिथं चहा, वर बिस्किटं, वर "फसवलं व्हय आमाला" म्हणून अजून अर्धा कप.

परवा दाजी काट्यावर आले. पायताण काढलं, पाकीट काढलं, मोबाइल ठेवला, फायलींची पिशवी ठेवली, घड्याळ काढलं. आकड्याकडं बराच वेळ पाहत राहिले.

"शेठ," ते म्हणाले, आणि मी त्यांचा सख्खा मेव्हणा असून शेठ म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर होतं, "आता बीपी निघाली म्हणून सांगितलं तर?"

हमाल पोतं शिवत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बीपीनं मीठ सुटतं, दाजी," तो म्हणाला. "चहाला शुगरच लागती."